बाबाच्या मापाचा कुंदा

बंदूक म्हटली की तुमच्या डोळ्यासमोर वाघ आला असन. त्याले परत पाठवा. रानडुकराची वाट पाहून राहिले असान, तर तेही येणार नाही. आमच्या रायफलीनं माह्या जन्मात एक गोळी झाडली नाही. झाडणार कशी? तिचा कुंदा वाळवीनं खाल्ला होता. कुंदा म्हणजे मागचं लाकूड, खांद्याले टेकवतात ते.

रायफल आज्याची. आम्ही नागपूरजवळच्या खाप्याचे विणकर, पण आजा मागावर कमी अन् मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, मागं शिकारीले जंगलात जास्त. म्हातारपणी मालगुजारानं रायफल त्यालेच देऊन टाकली. आज्यानंतर लायसन बाबाच्या नावावर झालं. बाबा मात्र लहानपणापासून मागावरच बसलेले. पाय मागाच्या खड्ड्यात, पाठ वाकलेली, धोटा फेकून फेकून उजवा खांदा खाली आलेला, मान पुढं. कोराडीच्या वीजघरात नोकरी लागली, आम्ही नागपूरले राहाले आलो, तरी मान काही पुरती सरळ झाली नाही. त्याईले ते माहीत होतं. फोटो ते नेहमी खुर्चीवर बसूनच काढत.

त्या वर्षी त्याईनं ठरवलं, दसऱ्याले खाप्याच्या घरी पूजेत रायफल नवी करून ठेवायची, अन् सगळ्या भावकीसमोर एकदा आज्यासारखी खांद्याले लावायची.

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत बंदुकीचा एक म्हातारा मिस्त्री होता. बाबा अन् मी रायफल घेऊन गेलो. बाबा खुर्चीवर बसले ते शेवटपर्यंत उठले नाहीत, अन् मिस्त्रीची नजर लोखंडावरच. काका आमाले कायम सांगत, ती जर्मन आहे. मिस्त्रीनं लाकूड सोडवलं, घासलेट लावून नळीचं पोट पुसलं, अन् भिंग धरलं.

"जर्मन नाही. बर्मिंगहॅमचा ठप्पा आहे. विलायती."

मग त्यानं तो वाळवी लागलेला कुंदा उचलला, टेप लावली. "तुमचे वडील उंच होते. लंबी मान, एकदम ताठ. बरोबर का?"

बाबा चकित. "तुम्ही पाह्यलं होतं त्याईले?"

"लाकूड सांगते. लंबा आहे, अन् मागून चांगला खाली झुकवला आहे. मान वर ठेवणाऱ्यालेच असा लागते." मिस्त्री म्हणाला, "आधी लोखंडावर सिसमाचं नवं लाकूड बसवतो. पंधरा दिवसानं या, मग तुमचं माप घेऊ."

ते पंधरा दिवस बाबा रोज सकाळी भिंतीले पाठ लावून उभे राहत. आरशासमोर मान वर धरत. मी दाराआडून पाहत होतो, अन् माह्या डोक्यात दुसरंच चालू होतं. कॉलेजचं पहिलं वर्ष, अन् मी नकला करणारा पोट्टा. शाळेतले हेडमास्तर, बसचा कंडक्टर, कोणी सुटला नव्हता. आता बाबा.

पंधराव्या दिवशी बाबाले डबल ड्यूटी लागली. "मिस्त्रीले सांगून ये, मी परवा येतो," ते म्हणाले. एवढाच निरोप होता.

दुकानात दोघं जण चहा पिऊन राहिले होते. मी म्हटलं, "मिस्त्री, परवा कायले? आमची उंची एकच आहे. माह्यंच घ्या माप."

"ज्याची बंदूक त्याचंच माप घ्या लागते, बाबू."

"मी त्याईच्यासारखा उभा राहतो ना. हुबेहूब."

मी नवा, कच्चा कुंदा खांद्याले लावला. खांदा पाडला. मान पुढं काढली. चहा पिणारे हसले. ते हसले म्हणून मी मान आणखी खाली घातली, पाठीले पोक काढलं, अन् बाबासारखा खाकरलो. एकाचा चहा सांडला. मिस्त्री नाही हसला. त्यानं टेप लावली, माह्या मानेवर हलकेच हात ठेवला.

"इतकी झुकते मान?"

"याच्याहून जास्त," मी म्हटलं.

घरी येऊन सांगितलं, आपली उंची एकच, माह्यावरच माप झालं, तुमाले जायची गरज नाही. बाबा खूष झाले. तयार रायफल त्याईची चिठ्ठी दाखवून मीच आणली, अन् बाबानं ती दसऱ्यापर्यंत गुंडाळूनच ठेवली.

दसऱ्याले बाबानं पांढरा शर्ट घातला. पूजा झाली. रायफल उचलली, खांद्याले लावली, मान ताठ. डोळा नेमावर येईना. थोडी मान वाकवली. तरी येईना. कुंदा आखूड होता, अन् मागून बिलकुल झुकवलेला नव्हता. बाबा खांदे आत घेत गेले, मान खाली घालत गेले, अन् जवा नेम दिसला तवा ते माह्या त्या नकलेसारखे दिसत होते.

काका म्हणाले, "दादा, बंदूक धरली का धोटा?"

सगळे हसले. सवयीनं मीही हसलो.

बाबानं रायफल आपट्याच्या पानाजवळ ठेवून दिली. नागपूरच्या बसमध्ये फक्त एवढं विचारलं, "माप तर झालं होतं ना गा?" मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ते मले घेऊन मिस्त्रीकडं गेले. मिस्त्रीनं बाबाले वरपासून खालपर्यंत पाह्यलं, मग माह्याकडं.

"पहिल्या दिवशी हे बसून होते, मी नीट पाह्यलंच नाही. इतकेच वाकतात तुहे बाबा?"

मी जमिनीकडं पाहाले लागलो.

"यानं तुमच्यासारखं उभं राहून दाखवलं होतं," मिस्त्रीनं बाबाले सांगितलं, अन् स्वतः वाकून दाखवलं, जसा मी वाकलो होतो तसा.

बाबानं नीट पाह्यलं. मग मले विचारलं, रागानं नाही, "इतका वाकतो का मी?"

बाबा रस्त्याकडं पाहाले लागले. मिस्त्रीनं चष्मा काढला.

"ते दोघं हसले, तवा मी काहून नाही हसलो माहीत आहे? मले वाटलं, माणूस इतका वाकला, तरी बापाची बंदूक धरतो म्हणते. त्याले तकलीफ नाही झाली पाहिजे. म्हणून तीन दिवस तासत होतो. तासलेलं लाकूड परत चिपकवता येते का? बोल ना. त्या दिवशी तर भल्लं तोंड चालत होतं तुहं. अन् जमिनीकडं काय पाहतं? तिकडं पाह्य, बाबाकडं. नीट पाह्य, किती वाकतात ते."