चहा ठेवला की नेट येतं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल.

बँकेने माझी बदली केली कोलकात्याला. मुलीची दहावी, म्हणून ती आणि बायको नाशिकला, आणि मी तिथल्या बेहाला भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा. एकट्याला गॅस तरी कशाला? सगळा संसार एका इलेक्ट्रिक किटलीवर. बिल्डिंगमध्ये कुणी ओळख देईना. दिवसभरात मराठी बोलायचो ते फक्त संध्याकाळी, मुलीशी, व्हिडिओ कॉलवर. आणि नेमका तोच अडकायचा.

"बाबा, तू परत पुतळा झालास," म्हणायची.

फार लागायचं हो ते. जुना कॉम्प्युटर पडून होता. त्यात आणखी एक नेटवर्क कार्ड बसवलं की झकास राउटर होतो, असं वाचलं. रविवारभर खपलो. एका खाचेत बाहेरून येणारी वायर, दुसरीत घरातली. त्यात काय चुकायचंय? चालू केला आणि नेट गेलं.

नुसतं माझं नाही, अख्ख्या बिल्डिंगचं! समोरच्या मासिमांची, म्हणजे मावशींची, मालिका, वरच्या घोषबाबूंची मॅच, सगळंच बंद. मंडळी जिन्यात जमून केबलवाल्याचा उद्धार करू लागली. मीही मनापासून केला. इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव विचारलं. मला इतकं बरं वाटलं की म्हटलं, थांबा, चहा आणतो.

हॉलमध्ये चालू प्लग एकच. कॉम्प्युटरचा काढला, किटलीचा लावला. कप घेऊन बाहेर येतो तो काय, नेट आलेलं, दारं लागलेली. जिन्यात मी आणि चहा.

आत येऊन कॉम्प्युटर पुन्हा लावला. दारं उघडली! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. वायरी उलट्या खोचल्या होत्या, आणि बिल्डिंगची लाइन एकच, त्यामुळे सगळ्यांचं नेट माझ्या डब्याकडे वळून तिथेच अडकत होतं.

सरळ करायला कितीसा वेळ? पण खोटं कशाला बोलू, नाही केल्या. तसाच बाहेर जाऊन बसलो. मासिमांनी कुरमुरे आणले. मुलीचा कॉल बुडाला, तरी उठवेना.

घोषबाबू मात्र माझ्याकडे टक लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "दादा, आप चाय बनाते हैं तो नेट आता है. एक बार और बनाइए तो."

सगळी वरात माझ्या हॉलमध्ये. काय करतो? प्लग काढला, किटली लावली. थोड्याच वेळात सगळ्यांचे फोन टुणटुणले. मासिमांनी कॉम्प्युटर बघितला, एकुलती एक खुर्ची बघितली.

"अकेले रहते हो, बाबा?" एवढंच विचारलं त्यांनी. जाताना म्हणाल्या, आता नेट गेलं की तुझ्याकडेच येऊ चहाला.

त्याच दिवशी वायरी सरळ केल्या. मुलगी आता पुतळा म्हणत नाही. मी मात्र रोज जास्तीचं दूध आणून ठेवतो, कप धुऊन ठेवतो, आणि हे लेकाचं नेट काही केल्या जात नाही.