शेवाळाला खत कोण घालतंय?

मी पाण्यातला माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पोहणारा नव्हे हो. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत पाण्याचं सगळं खातं माझ्याकडे आहे. बॉयलरला कुठलं पाणी जायचं, कूलिंग टॉवरचं कधी बदलायचं, बाहेर काय सोडायचं, सगळं मी ठरवतो. तर अशा या तज्ज्ञाने घरातल्या काचेच्या पेटीत काय दिवे लावले, ते ऐका. त्यापायी माझी सख्खी आई घर सोडून बदलापूरला ताईकडे जाऊन बसली होती. कंपनीत मात्र कुणाला सांगू नका. म्हणजे सांगायची गरज नाही, तिथे सगळ्यांना माहीत आहे.

चिखलोलीला फ्लॅट घेतला तेव्हा हॉलमध्ये मी खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. साधे गोल्डफिश नव्हेत. जिवंत प्रवाळ, पांढऱ्या पट्ट्यांचे केशरी मासे, अगदी समुद्राचा तुकडा. आता चिखलोलीत समुद्र कुठून आणणार? शुद्ध पाण्यात खास मीठ कालवून तो घरीच करावा लागतो. पाणी शुद्ध म्हणजे अगदी शुद्ध लागतं, त्यात क्षाराचा कणही चालत नाही. आणि असं पाणी तर आमच्या कंपनीतच बनतं, बॉयलरसाठी. साहेबांची रीतसर परवानगी काढली आणि दर आठवड्याला कॅन भरून गाडीतून आणायला लागलो. लोक पाणी शुद्ध करायला घरात यंत्रं बसवतात. मला त्यांची कीव यायची.

आई आमच्याकडेच असते. मुरबाडकडच्या खेड्यातली. तिच्या माहेरी नदीवर गेलं की माशांना कणकेच्या गोळ्या घालायची पद्धत, पुण्याचं काम ते. टाकी आली त्याच दिवशी तिने दोन गोळ्या आत सोडल्या. मी धावत जाऊन चमच्याने त्या बाहेर काढल्या आणि तिला चांगलं लेक्चर दिलं. खाणं पाण्यात कुजतं, त्याचं खत होतं, त्यावर शेवाळ माजतं, प्रवाळ गुदमरतात.

"बरं बाबा," ती म्हणाली. "माहीत नव्हतं मला. नाही घालणार."

वर्षभर टाकी अशी झाली होती की येणारा-जाणारा चहा हातात घेऊन तिच्यासमोरच उभा राहायचा. मग कंपनीचं वार्षिक शटडाऊन झालं, मी दमून घरी आलो आणि साधारण तेव्हापासून माझ्या समुद्राचं गवताळ रान व्हायला लागलं.

आधी वाळूवर तपकिरी भुकटी बसली. मग दगडांना हिरवे केस फुटले. केस म्हणजे खरोखर केस, पाण्याच्या झोताबरोबर डुलणारे. मग एका कोपऱ्यात लालसर, बुळबुळीत चादर पसरली. प्रवाळ बिचारे मिटून बसले. मला चैन पडेना. जेवताना उठून बघ, दाढी करताना अर्ध्या फेसाने येऊन बघ. टूथब्रश घेऊन दगड घासायला लागलो. माझी बायको मीनल म्हणाली, "स्वतःचे दात तरी इतके घासतोस का?"

त्या भरात मागच्या काचेवर बसलेला गुलाबी-जांभळा थरही मी पत्तीने खरवडून टाकला. एकूण एक शेवाळ गेलं पाहिजे, सोडायचं नाही.

फोटो घेऊन उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो. तिथे माशांचं सामान विकणारे एक सिंधी काका आहेत. सगळे त्यांना साईं म्हणतात. साईंनी फोटो बघितले आणि कपाळाला हात लावला.

"हे हिरवं खराब, लालवालं खराब. लेकिन ये गुलाबी क्यूँ निकाला, साहेब? ते तर चांगलं असते. लोग उसका सालभर इंतजार करते हैं."

म्हणजे शेवाळातलं एकच गुणी, ते मी घालवलं होतं, आणि दोन्ही गुंड मजेत होते.

"पण साईं, शेवाळाला पोसणारं फॉस्फेट तर तुमच्याकडच्या तपासणीच्या किटवर शून्य येतंय."

"शून्यच येणार ना. शेवाळ सब खा जाता है, पाण्यात काय उरणार? याला कोणीतरी बराबर खिला रहा है. घर में कौन है दिनभर?"

घरात दिवसभर कोण असतं? आई.

मी लगेच आळ घेतला नाही, हे लक्षात घ्या. आधी दुसरे उपाय केले. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या. त्या दगड सोडून काचेच्या वरच्या कडेला जाऊन बसल्या. मग साईंनी सांगितलं म्हणून काही दिवस दिवा बंद ठेवला आणि उजेड लागू नये म्हणून टाकीवर पांढरी चादर टाकली. शेजारचे नाना पेपर मागायला आले, हॉलमध्ये ती चादर बघून दारातच चपला काढून हात जोडले आणि हळूच विचारलं, "कधी झालं?"

"अजून व्हायचंय," आई म्हणाली.

चादर काढली तेव्हा केस थोडे पिवळे पडले होते. आठवड्याचं पाणी बदललं आणि ते पुन्हा टवटवीत झाले. आता मात्र माझं डोकं फिरलं. जुना मोबाईल शोकेसमध्ये पुस्तकांच्या आड ठेवला, कॅमेरा चालू करून. संध्याकाळी बघतो तर दुपारी आई टाकीसमोर उभी. पाठ कॅमेऱ्याकडे. उजवा हात वरच्या कडेशी हलतोय आणि तोंडाने काहीतरी पुटपुटणं चाललंय. आणखी काय पुरावा पाहिजे?

रविवारी ताई आली होती. चहा झाल्यावर मी मोबाईल सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला.

"आई, हे काय चाललंय?"

आईने चष्मा लावून स्वतःलाच बघितलं.

"काच पुसतेय. शिंतोड्यांचे डाग पडतात ना वर."

"आणि बोलतेस काय?"

"माशांशी बोलतेय. घरात दुसरं कोण बोलतं माझ्याशी? तू आल्या आल्या या पेटीला नाक लावून बसतोस."

"खरं सांग, गोळ्या घालतेस ना?"

मीनलने मला खुणावलं, पण मी थांबेन तर शपथ. आई उठली. आत गेली, पिशवीत दोन लुगडी आणि औषधाचा डबा घातला आणि ताईला म्हणाली, "चल गं, बदलापूरला येते मी. इथं माझी झडती घेतात."

रिक्षा गेली. मी गॅलरीत उभा होतो. वाईट वाटलंच हो, खूप वाटलं. पण आतून एक शहाणा म्हणत होता, आता बघ, शेवाळ कसं ओसरतं ते.

कसलं ओसरतंय? दुप्पट जोमाने आलं. मी घाबरून आणखी पाणी बदललं. ते आणखी वाढलं. मग मी आणखी कॅन आणले. ऑफिसातून येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचो आणि बूट न काढता टाकीत डोकवायचो. केशरी मासे त्या गवतात दिसेनासे झाले होते.

मीनल कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता कोण खायला घालतंय? मी? की आई बदलापूरहून नेम धरून फेकतायत?"

जेवण जाईना. शेवटी घरातल्या सगळ्यांचे नमुने घेतले, म्हणजे माणसांचे नव्हे. टाकीचं मीठ, माशांचं खाद्य, नळाचं पाणी आणि नुसतं नावाला म्हणून त्या कॅनमधलं पाणी. कंपनीच्या लॅबमध्ये स्नेहल म्हणून आमची केमिस्ट आहे. बाटल्यांवर नंबर घालून तिच्याकडे दिल्या, फॉस्फेट बघ म्हणालो.

दुपारी ती केबिनमध्ये आली.

"सर, मीठ स्वच्छ आहे. खाद्यात फार काही नाही. नळाचंही ठीक. पण बॉयलर फीडचं सॅम्पल परत का दिलंत? सकाळीच केलं होतं की मी."

"बॉयलर फीडचं नाही ते. माझ्या माशांचं आहे."

तिने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग सर, मासे बॉयलरमध्ये आहेत का? फॉस्फेट अगदी हवं तेवढं आहे. तुम्हीच म्हणाला होतात, डोस कमी पडता कामा नये."

मी तो कागद तिच्या हातातून ओढून घेतला. बॉयलरच्या नळ्यांना आतून क्षार बसू नये म्हणून पाण्यात फॉस्फेट घालतात. पूर्वी ते थेट बॉयलरमध्ये सोडायचे. शटडाऊनमध्ये ती पद्धत बदलून फॉस्फेट फीडच्या, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीतच मिसळा, असा हुकूम काढला तो मीच. आणि कॅन मी कुठून भरत होतो? शुद्ध पाण्याची टाकी मागच्या बाजूला, तिथवर गाडी जात नाही. फीडच्या टाकीचा नळ गाडीच्या डिकीसमोर. आधी दोन्हींत पाणी एकच होतं, म्हणून वर्षभर काही बिघडलं नाही. मग एका हाताने मी फॉस्फेट घालायला लावलं आणि दुसऱ्या हाताने तेच खत कॅन भरभरून घरी नेलं. शेवाळ वाढलं की जास्त नेलं.

त्या संध्याकाळी घरी न जाता सरळ बदलापूर गाठलं. ताईच्या स्वयंपाकघरात आई मोड आलेले वाल सोलत बसली होती. मी समोर बसलो, मूठभर वाल घेऊन सोलायला लागलो आणि सगळं सांगून टाकलं. ताई ओट्याला टेकून ऐकत होती.

आईने हातातला वाल सोलून वाटीत टाकला.

"म्हणजे खत तू घालत होतास."

"हो."

"आणि गवत उपटायला ब्रश घेऊन तूच."

"हो."

"आणि चोर मी."

"चुकलं माझं, आई. खरंच चुकलं. घरी चल."

तिने माझ्यासमोरची वाटी ओढून बघितली. "अर्धे दाणे मोडलेस. ऊठ, तुझ्याच्याने नाही व्हायचं." उठताना तिने पिशवी मात्र माझ्या हातात दिली.

आता मी मागच्या टाकीवरून, कॅन स्वतः उचलून पाणी आणतो. केस गळाले, प्रवाळ उघडले. आई रोज दुपारी माशांशी बोलते आणि संध्याकाळी मीही थोडा वेळ आईशी बोलतो.

परवा सोसायटीचे सेक्रेटरी आले. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत हिरवं शेवाळ धरलंय म्हणाले, तुम्ही पाण्यातले तज्ज्ञ, जरा सल्ला द्या. मी खुर्चीत सावरून बसलो, घसा साफ केला.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "अहो, शेवाळ घालवायचंय की वाढवायचंय? वाढवायचं असेल तर याच्यासारखा माणूस तुम्हाला अंबरनाथ ते बदलापूर मिळायचा नाही."