पितळी पत्रा आणि अप्पांचा गज

मी पदार्थविज्ञान शिकवतो. या विद्येमुळे आजवर माझ्या हातून एकाच वस्तूचं नुकसान झालं आहे, आणि ती वस्तू सासऱ्यांची होती.

लग्नानंतरचा माझा पहिला दसरा. मी साताऱ्याचा, सासर म्हैसूरला जयलक्ष्मीपुरमात. सासरे, म्हणजे अप्पा, म्हैसूरच्या जुन्या फौजेतल्या मराठा शिपायांचे वंशज. पूर्वजांची तलवार भिंतीवर राहिली, अप्पांनी हातात घेतलं व्हायोलिन! वीस वर्षं त्यांनी इतरांच्या गाण्याला साथ केली होती. विजयादशमीला गणपतीच्या देवळात त्यांची स्वतःची पहिली मैफल होती.

आदल्या दिवशी आयुधपूजा. ज्याचं जे साधन ते पूजेला ठेवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. तलवार, व्हायोलिन, सासूबाईंचा मिक्सर, माझ्या बायकोची, सुमाची, स्कूटर, सगळ्यांना कुंकू लागलं. मी लष्कर मोहल्ल्यातून कापून आणलेला चौकोनी पितळी पत्रा पुढं केला.

"हे कसलं आयुध?" सासूबाई म्हणाल्या.

"अम्मा, यावर आवाज दिसतो."

"अय्यो! आवाज दिसतो?"

"दाखवतो की!" (इथं गप्प बसलो असतो तर ही आठवण लिहावी लागली नसती.)

दुपारी अप्पा देवळातला मंडप बघायला गेले. मी पत्रा मधोमध स्टुलावर बोल्टनं आवळला आणि वर रांगोळी भुरभुरली. आता कडेवर घासायला हवा व्हायोलिनचा गज. तो होता पूजेत.

"अप्पा मारतील," सुमा म्हणाली.

"व्हायोलिनला कुठं हात लावतोय? नुसता गज वाद्य असतो का?" (तर्कशास्त्र हा माझा विषय नव्हे.)

पहिल्या घासणीला असा चीत्कार निघाला की शेजारच्या जयम्मा "एन्रि इदु?", म्हणजे हे काय, म्हणत धावत आल्या. मग मी कडेला एक बोट टेकवलं आणि गज ओढला. पत्रा गायला लागला! रांगोळी उडाली, सैरावैरा धावली आणि पापणी लवायच्या आत तिची सुरेख चौफुली झाली. कॉलेजात हे मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी अंगावर काटा आला.

"कुणी काढली रे ही?" सासूबाईंनी हात जोडले.

"आवाजानं. पत्रा थरथरतो तिथून पूड पळते आणि स्थिर असतो तिथं जाऊन बसते."

त्यांनी ऐकलंच नाही. पत्र्याला हळदकुंकू लावलं! जयम्मांनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या. बोट सरकवलं की नवी नक्षी, आणि प्रत्येक नक्षीला "इन्नोंदु सर्ति!", म्हणजे आणखी एकदा. मीही चढलो. पितळेच्या कडेनं गजाचे केस एकेक करून तुटत होते, पण बघणार कोण?

बघितलं अप्पांनी. दारातून.

माझ्या हातातल्या गजाला बोकडाची दाढी फुटली होती. अप्पा ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "उद्या माझी मैफल आहे."

ओरडले असते तर बरं झालं असतं. अख्खं घर थरथरत होतं. घरात स्थिर अशी एकच जागा उरली होती, सासूबाईंच्या पाठीमागे. आम्ही सगळे तिथं जाऊन बसलो.

"आधी स्वल्प बघा तरी," सासूबाई अप्पांना म्हणाल्या.

अप्पा स्टुलाशी आले. नक्षीकडे बघत राहिले. मग माझ्या हातून गज काढून घेतला.

"बोट कुठं ठेवायचं?"

मी दाखवलं. उरलेल्या केसांवर अप्पांनी एकच लांब हात मारला. माझ्या हाती पत्रा किंचाळत गात होता, त्यांच्या हाती नुसता गायला. रांगोळी सावकाश निघाली आणि इतक्या बारीक रेघांचं बारा पाकळ्यांचं फूल झालं की तसं मला कॉलेजात कधीच जमलं नव्हतं. (आयुधपूजेला वाजवायचं नसतं, हे अप्पाही विसरले होते.)

"एवढी वर्षं हे नुसतं ऐकत होतो, जावईबापू," अप्पांचे डोळे भरले होते. "आज दिसलं."

मला सगळी समीकरणं पाठ आहेत. तरी त्या फुलापुढं मी वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी शिष्याचा गज मागून आणला आणि मैफल अशी रंगली की लोक उठेनात. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक मैफलीत मला पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवतात. लोकांना वाटतं, केवढा हा जावयाचा मान! खरं कारण अप्पांनी सुमाला सांगितलंय. तिथं बसलो की माझे दोन्ही हात त्यांना दिसतात.