दाबून धरलेला पाटा

सावळबाबांच्या पॅन्टचा उजवा खिसा कायम फुगलेला असे. त्यात टेनिसचा चेंडू असायचा. लग्नाला, मर्तिकाला, बँकेत, डॉक्टरकडे, कुठेही गेले तरी चेंडू बरोबर. समोरचा बोलू लागला की यांचा हात खिशात जायचा आणि अंगठा चेंडू दाबू लागायचा. बोलणं पटलं तर दाब हलका. खोटं वाटलं तर खिशातून कर्र असा आवाज यायचा. गोव्यात धारगळला हमरस्त्याकडेच्या टपरीत आमची पहिली भेट झाली ती या आवाजानेच. मी शाळेत खेळ शिकवतो आणि सुट्टीत क्रिकेट सामन्यांचं माइकवरून समालोचन करतो. त्या दिवशी चहात उंडा पाव बुडवत मी कुणाला तरी ऐटीत सांगत होतो, की आमची मुलं वेगवान चेंडूला घाबरत नाहीत. शेजारच्या बाकावर कर्र झालं.

"मास्तर, तुमची पोरां घाबरतत," ते शांतपणे म्हणाले. "काल बघलंय मी. फास्ट बॉल इलो की तेंचो पाय बाजूक पळता. दोष तेंचो न्हय. रोज तसलो बॉल तेंका टाकता कोण?"

मला राग आला, आणि त्यांचं म्हणणं खरं असल्यामुळे जास्तच आला. आमची दोस्ती तिथून सुरू झाली.

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं अशी रीत आहे. सावळबाबांबद्दल गोड लिहिणं मला मुळीच जड नाही. पण ज्याने त्यांचं नाव गिळलं तो माणूस अजून हिंडतोफिरतो आहे, आणि त्याच्या वाट्याला माझ्याकडून गोड काही येणार नाही, हे वाचणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावं.

वसंत सावळ हे पेडण्याचे, मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरीला डिचोलीकडे, क्रीडासाहित्याच्या एका कारखान्यात. मालकाला सगळे पात्रांव म्हणत, मीही तेच म्हणतो. पात्रांवांचे खाणीवर ट्रक होते. खाणी बंद पडल्या तसे ट्रक शेडमागे गंजत उभे राहिले आणि त्यांनी बॅट, जाळ्या, व्हॉलीबॉलचे खांब असला माल काढायला सुरुवात केली. त्या मालात डोकं होतं ते सावळबाबांचं. आमच्याकडची बरीच मैदानं जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर. तिथे यष्टी रोवायची तर पहार आणावी लागते. सावळबाबांनी लोखंडी पाटीवर स्प्रिंगच्या यष्ट्या बसवल्या. चेंडू लागला की आडव्या होत आणि पुन्हा उभ्या राहत. व्हॉलीबॉलच्या खांबांना त्यांनी पिंप जोडलं. पाणी भरा, खांब उभा. पाणी ओता, खांब उचलून घरी न्या. असलं काही जमलं की ते स्वतःशीच हसत आणि म्हणत, "देवान दगड दिलो, आमी दगडाक फसयलो."

त्यांची काम करायची एक तऱ्हा होती आणि तिनेच घात केला. ते कागदावर कधी आराखडा काढत नसत. कारखान्याच्या फरशीवर खडूने, खऱ्या मापात, अख्खं यंत्र काढायचे. मग अनवाणी त्यावरून चालत फिरायचे. "हय गुडघो आपटतलो," असं म्हणून एक रेघ पायाने पुसायचे आणि दुसरी ओढायचे. काम झालं की संध्याकाळी स्वतः केरसुणी घेऊन फरशी साफ. मी एकदा म्हटलं, निदान फोटो तरी काढून ठेवा. ते म्हणाले, "आपल्या हातचां आपल्या हाताक कळता. फोटो कित्याक व्हयो?"

टपरीवरच्या त्या बोलण्यानंतर त्यांनी चेंडू फेकणारं यंत्र मनावर घेतलं. बाजारात तसली यंत्रं मिळतात, पण त्यांना वीज लागते, आणि आमच्या मैदानांवर विजेचा खांब शोधायला दुर्बीण लागते. सावळबाबा शेडमागे गेले, गंजलेल्या ट्रकाखाली शिरले आणि त्याचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या जाड पट्ट्या, काढून घेऊन आले. एवढ्या खनिजाचं ओझं वर्षानुवर्षं पेललेलं पोलाद ते. त्यातला एक पाटा त्यांनी फेकणाऱ्या हाताला जोडला. पायाने दांडा दाबायचा, पाटा वाकून खटक्यात अडकतो. खटका सोडला की चेंडू सणसणत जातो. खटका अडकवून ते मला म्हणाले, "मास्तर, पाटो दाबून धरलो म्हणान तो विसरना. कितक्या वेळान सोड, तितक्याच जोरान येतलो." पहिला चेंडू माझ्या मांडीवर बसला. आठवडाभर मी लंगडत होतो, आणि इतका आनंद मला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.

त्या हंगामात आमची मुलं त्या यंत्रासमोर खेळली आणि त्यांचे पाय पळायचे थांबले. मुलांनी यंत्राचं नावच 'सावळ' पाडलं. "सावळावर खेळून ये रे," असं ती एकमेकांना सांगू लागली. सावळबाबा ते ऐकून लाजायचे. या माणसाला दुसरा कसला मोह नव्हता. पण आपल्या हातून झालेल्या वस्तूवर आपलं नाव असावं, हे त्यांना फार वाटे. यंत्र विक्रीला जाईल तेव्हा त्यावर छोटीशी पाटी असेल, असं पात्रांवांनी त्यांना कबूल केलं होतं.

पाटी लागली. समारंभ झाला, मंत्री आले, यंत्रावरचं रेशमी कापड ओढलं गेलं, आणि पाटीवर पात्रांवांच्या मुलाचं नाव निघालं. हा मुलगा तेव्हा बंगळूरला शिकत होता. पात्रांव रोज संध्याकाळी, केरसुणी फिरण्याआधी, मोबाइलवर फरशीचे फोटो काढत होते आणि तेवढ्यावर त्यांनी सगळे हक्क मुलाच्या नावे करून घेतले होते. मी सावळबाबांच्या शेजारी बसलो होतो. खिशातून आधी कर्र आवाज आला आणि मग फट् असा. चेंडू फुटला होता.

कार्यक्रमानंतर ते सरळ पात्रांवांकडे गेले. पात्रांव घाम पुसत म्हणाले, "सावळ, पाटे म्हज्या ट्रकाचे, फरस म्हजी, पगार म्हजो. मागीर यंत्र कोणाचें?"

"माती शेताची," सावळबाबा म्हणाले. "म्हणान घुमट शेतान वाजयलो?"

घुमट म्हणजे आमच्याकडचं मातीचं वाद्य. एवढं बोलून ते बाहेर पडले, ते पुन्हा त्या कारखान्यात गेले नाहीत. कोर्टात जा, असं मी सांगितलं. पण दाखवायला होतं काय? सगळा पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने झाडून काढला होता.

मला वाटलं, माणूस खचेल. माझा अंदाज साफ चुकला. महिन्याभरात त्यांनी नवा चेंडू घेतला, स्कूटरच्या डिकीत खडूची खोकी भरली आणि धारगळपासून नार्व्यापर्यंत वेल्डिंगची दुकानं पालथी घालायला सुरुवात केली. दुकानात शिरायचं, फरशीवर अख्खा 'सावळ' खऱ्या मापात काढायचा, आणि वेल्डरला सांगायचं, "कर. माका काय नको. कोणय मागलो तर तेका करून दी." धारगळचा वेल्डर बेळगावकडचा. त्याला हा माणूस वेडा वाटला, पण यंत्र त्याने केलं. मग दुसऱ्याने केलं. बघता बघता वाड्यावाड्यांवर घरचे 'सावळ' उभे राहिले. पात्रांवांच्या चकचकीत यंत्राकडे आमच्या दोन तालुक्यांत कुणी ढुंकून बघेना. फुकट वाटून सूड उगवणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. मला फार मजा येत होती, हे लपवत नाही.

पण सावळबाबांचं समाधान होत नव्हतं. "ह्या तेच्या धंद्याक लागलां," ते म्हणायचे. "तेका नाय लागलां."

आमच्याकडे स्पर्धा सुरू होण्याआधी मैदानात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. देवासमोर गावाचं म्हणणं मांडायचं काम घाडी या मानकऱ्याचं. तो एकेक मागणं मोठ्याने बोलतो आणि दर मागण्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देतात. आमचे भिकू घाडी हे काम करतात. त्या वर्षी स्पर्धेचा चषक पात्रांवांनी दिला होता, म्हणून ते प्रमुख पाहुणे होते. आदल्या दिवशी सावळबाबा भिकूमामांकडे जाऊन आले. येताना माझ्याकडे थांबले.

"मास्तर, गाराणां चालू आसताना माइक खंय धरशात?"

"भिकूमामांसमोर."

"धरा. पण व्हय म्हणताना जरा पाव्हण्याकडे वळवा."

मी कारण विचारलं. ते म्हणाले, "ल्हानपणापासून जां तोंडाक बसलां, तां पाट्यासारख्या. खटको सोडलो की येताच."

दुसऱ्या दिवशी सावळबाबा पार टोकाला, काजूच्या झाडाखाली उभे राहिले. भिकूमामांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां खेळाक उतरली आसत, तेंच्या हातापायांची राखण कर." आम्ही म्हणालो, व्हय म्हाराजा. "पावण्यारावळ्यांक बरां कर." व्हय म्हाराजा. पात्रांव हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांबरोबर म्हणत होते. भिकूमामांचा आवाज तसूभरही बदलला नाही. "आनी कोणी दुसऱ्याच्या हातचां काम आपल्या घराच्या नावार घेतलां आसात, तर तेच्या घराक सुखाची झोप लागू नको, म्हाराजा."

मी माइक वळवला. चारही कर्ण्यांतून पात्रांवांचा खणखणीत आवाज अख्ख्या सड्यावर गेला. "व्हय म्हाराजा."

मग त्यांनी डोळे उघडले. आपण काय कबूल केलं ते त्यांना कळत असताना मी त्यांचा चेहरा बघत होतो. देवासमोर, गावासमोर, स्वतःच्या तोंडाने. टाळी द्यायला मी काजूकडे पाहिलं, तर सावळबाबा निघूनही गेले होते. त्यांचं सगळ्यात सुबक यंत्र हेच, असं मला अजून वाटतं.

पात्रांवांची झोप खरोखरच गेली. देवाने नेली की भीतीने, ते मला माहीत नाही आणि त्याने काही फरकही पडत नाही. तोवर सावळबाबांच्या फुप्फुसाच्या जुन्या आजाराने उचल खाल्ली होती. मी त्यांच्या घरी सोप्यावर बसलो असताना एक दिवस पात्रांव आले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात केळ्यांचा घड.

"सावळ, तें गाराणें काडून घे," ते म्हणाले. "म्हाका न्हीद पडना."

"मी खंय घातलंय? भिकून घातलां."

"तुज्या सांगण्यान."

"बरां. माझ्या सांगण्यान. पण व्हय कोणी म्हटलां?"

पात्रांवांनी केळ्यांचा घड खाली ठेवला. मग म्हणाले, "हरेक यंत्राचेर तुजें नांव घालतां. फाल्यांच घालतां."

ज्या गोष्टीसाठी सावळबाबांचा जीव जळला होता ती दारात चालत आली होती. वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या मानेने नवऱ्याला हो म्हणा, हो म्हणा असं सुचवत होत्या.

"घाल," सावळबाबा म्हणाले. "तां घालूकच व्हया हुतां. पण तू व्हय म्हटलंस, आता मी नाय कसो म्हणू?"

पात्रांव गेल्यावर मी म्हटलं, नाव मिळालं, आता सोडून द्यायला काय हरकत होती? त्यांनी उशाचा चेंडू हातात घेतला. दाबण्याची ताकद राहिली नव्हती. "पाटो सोडलो की तेचां काम संपलां, मास्तर. माका संपवूचां नाय."

काजू मोहरायच्या आधी ते गेले. पात्रांव स्मशानात आले होते. पुढे यायला बघत होते. मी वाट दिली नाही.

यंदा स्पर्धेला कारखान्याचं नवं यंत्र मैदानात आणून ठेवलं होतं. पितळी पाटीवर वसंत सावळ हे नाव, ठळक, नीट. मी पाटीवरून बोट फिरवलं आणि मला रडू आलं. व्यासपीठावर पात्रांव होते आणि त्यांच्या शेजारी शिक्षण संपवून परतलेला त्यांचा मुलगा. नारळ ठेवायच्या आधी भिकूमामा माझ्यापाशी आले.

"मास्तर, नाव घातल्यान. सावळय गेलो. ती ओळ ठेवू काय सोडू?"

क्षमा फार मोठी असते असं मी शाळेत मुलांना सांगतो. त्या घटकेला ती मला कुठेच सापडली नाही. मी म्हटलं, "ठेवा."

मोप्याच्या विमानतळावर उतरणारं एक विमान डोक्यावरून गेलं. त्याचा आवाज विरेपर्यंत सगळे थांबलो. मग गाऱ्हाणं सुरू झालं. ती ओळ आली तेव्हा मी माइक वळवला. पात्रांव तयारीतच होते. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. पण शेजारी मुलगा बसला होता, ज्याच्या नावाची पाटी पहिल्या यंत्रावर लागली होती. त्याने हात जोडले होते, डोळे मिटले होते, आणि लहानपणापासून जे तोंडात बसलं होतं ते त्याने मोठ्याने, मनापासून म्हटलं.

पात्रांवांचा हात त्याच्या तोंडाकडे गेला, पण उशिरा. मी माइक हलवला नाही.