पंचवीस कँडलचा दिवा

आमच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, उघडा दिवा न्यायची कुणाची छाती नव्हती. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगायचे. एक ठिणगी पडली की सगळा माल स्वाहा. मी तिथला वायरमन. इतवारीच्या बाजारातून जाड काचेचे, लोखंडी जाळीचे बंद दिवे मीच निवडून आणले. बल्बवर पंचवीस कँडल, म्हणजे पंचवीस मेणबत्त्यांएवढा उजेड, लिहिलेलं वाचलं आणि मोठ्या ऐटीत छताला टांगले. खाली उभं राहून वर पाहिलं तर डोळे दिपले. झालं, स्वारी खूश!

चौथ्या दिवशी मालक कापूस निवडणाऱ्या मावशीवर उखडले. ती आमच्यात सगळ्यांत जुनी. किडीनं पिवळी पडलेली कापसाची कवडी तिच्या नजरेतून कधी सुटत नसे. आता मात्र संध्याकाळी निवडलेल्या ढिगात कवड्या राहून जात होत्या. "हिचे डोळे गेले. उद्यापासून येऊ नको म्हणा," मालकांनी सांगून टाकलं. तिचं घर याच कामावर चालायचं.

मी शहाणा तिलाच समजवायला गेलो. "दिवे तर झकास हायेत वं मावशी," म्हणत वर बोट दाखवलं.

"वर काहून पाहून राहिला गा? मले का दिवे निवडाचे हायेत? खाली बस."

तिच्या जागेवर बसलो. जाळीची सावली पडलेली, चार दिवसांत काचेवर तंतूंचा थर साचलेला. तिच्या एका हातात पांढरा कापूस होता, दुसऱ्यात कवडी. मला दोन्ही सारखेच दिसले. बल्बवरचा आकडा मी वाचला होता, हातावर उजेड किती पडतो ते पाहिलंच नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

मालकांच्या पाया पडून एक दिवस मागून घेतला. भिंतीला झरोका पाडला, त्यात काच चुन्यानं पक्की बसवली आणि जाळी काढून दिवा बाहेरून लावला, उजेड डावीकडून तिच्या हातावर पडेल असा. संध्याकाळी मालकांनी स्वतः ओंजळभर कापसात कवड्या मिसळल्या. मावशीनं एकेक वेगळी काढली. मग एक पांढरा केस चिमटीत धरून म्हणाली, "हा तुमचा हाये, मालक."

मालकांना हसू आवरेना. "ये उद्या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आधीच ती जागेवर होती. शेजारी तिनं एक रिकामं पोतं अंथरलं होतं.

"हे तुह्यासाठी. नवा दिवा लावला का आधी इथं बसत जाय."

मी पोत्यावर बसलो.