रेघेला टेकलेलं पाणी

शाळेत असल्यापासून त्याला सगळे धसक्या म्हणत. वर्गाचं दार नुसतं वाजलं तरी हा दचकून उभा राहायचा, म्हणून. पुढे माणूस पन्नाशीला आला, डोक्यावरचे केस गेले, पण नाव काही गेलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या नावाला त्याने कधी कमीपणाही येऊ दिला नाही. लोकांच्या घरातल्या, दवाखान्यांतल्या, कचेऱ्यांतल्या माशांच्या टाक्या साफ करणं हा त्याचा धंदा, आणि फोन वाजला की छातीत धस्स होणं हा त्याचा स्वभाव. पलीकडून "अहो, जरा..." एवढं ऐकू आलं की ह्याच्या डोळ्यांपुढे पूर आलेला असे. पलीकडच्याला बहुतेक वेळा "जरा एक दिवस उशिरा आलात तरी चालेल" एवढंच म्हणायचं असे.

धास्तीला कारण होतं. धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी एका दातांच्या दवाखान्यातली टाकी त्याच्या हातून वाहिली होती. टाकी फुटली नव्हती, मासेही मेले नव्हते. टाकीच्या मागच्या काचेवर डब्यासारखा फिल्टर अडकवलेला असतो, तो तुंबला होता. हा फिल्टर नळीने टाकीतलं पाणी वर ओढतो, स्पंजातून गाळतो आणि पुढच्या पन्हळीवरून परत टाकीत सोडतो. स्पंजात घाण साचली की पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही, आणि पंपाला त्याचं काय, तो ओढतच राहतो. मग पाणी डब्यात चढतं आणि मागच्या कडेवरून गुपचूप भिंतीकडे उतरतं. तिथे कुणाचं लक्ष जाणार? डॉक्टरीणबाई त्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. दात काढायचा हात दोन महिने गळ्यात. त्या त्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं.

तेव्हापासून कुठलीही टाकी दिसली की त्याचा हात आधी तिच्या मागे जायचा. भिंत कोरडी लागली की मगच तो माशांकडे बघायचा. कुणाकडे जेवायला गेले तरी हा माणूस आधी भिंती चाचपतो आणि मग पाट-खुर्ची काय असेल ती शोधतो, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची. शिवाय प्रत्येक टाकीच्या बाजूच्या काचेवर तो लाल तेलकट पेन्सिलने एक रेघ मारून ठेवायचा. पाणी त्या रेघेच्या खाली दोन बोटं गेलं की मला फोन करा, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पाणी हवेने उडो नाहीतर मागून गळो, रेघेवरून कळणारच. त्या रेघेच्या भरवशावर त्याला चार घास गोड लागायचे.

त्याच्या गिऱ्हाइकांत दोन बहिणी होत्या, दोघी सत्तरीच्या आसपास. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. थोरली टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. तीन वर्षांपूर्वी तिची नजर पूर्ण गेली. धाकटी मुद्रितं तपासायची, अजूनही घरी बसून तपासायची, आणि एखादा चुकलेला काना दिसला की छापखान्यातल्या माणसाला फोनवर असं सोलून काढायची की ऐकणाऱ्याला त्याची दया यावी. टाकी थोरलीच्या हट्टाची. जिला दिसत नाही तिला मासे कशाला, असं धाकटीने तेव्हा म्हणून घेतलं होतं. पण थोरली त्या घरात काठी न घेता, कुणाचा हात न धरता फिरायची आणि धाकटी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगायची. "मी घरातलं सामान इंचभर हलवू देत नाही ना, म्हणून तिला जमतं."

मागच्या खेपेला धाकटीने त्याला जिन्यात गाठलं होतं.

"अरे, त्या पाण्याचा आवाज जरा कमी कर ना. एकेक ओळ मी तीन-तीनदा वाचते. आणि ताईला सांगू नकोस, तिला उगाच वाईट वाटायचं."

नाही म्हणणं धसक्याच्या रक्तातच नव्हतं. कुणी नाराज होण्याचीही त्याला धास्तीच. तो परत वर गेला, विसरलेला फडका घ्यायचं निमित्त केलं आणि फिल्टरच्या डब्यात स्पंजाचा आणखी एक तुकडा कोंबला. पाणी हळू झालं. जाताना धाकटीला कानात म्हणाला, "पाणी रेघेपर्यंत भरलेलं असलं की धार उंचावरून पडत नाही, मग आवाज होत नाही."

हे बोलून तो जिना उतरला आणि पंधरा दिवस त्याच्या मनाला चैन नव्हतं. डब्यात असं कोंबू नये, हे तोच तर जगाला सांगत फिरायचा. दोनदा त्याने त्यांच्याकडे लावायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोन आला नाही म्हणजे पाणी रेघेवर आहे, अशी तो स्वतःची समजूत घालत राहिला.

पंधरा दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला तो गेला. दार धाकटीने उघडलं. थोरली खिडकीपाशी खुर्चीत बसली होती आणि तिच्या कपाळावर डाव्या बाजूला मोठा काळानिळा डाग होता.

"हे काय झालं, मावशी?"

"चौकटीवर आपटली," धाकटीनेच उत्तर दिलं. "मागच्या आठवड्यात दोनदा. मी म्हटलं, ताई, आता वय झालं, काठी घे."

थोरलीने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

धसक्याने टाकीकडे पाहिलं आणि त्याला जरा हायसं वाटलं. पाणी बरोब्बर रेघेला टेकलेलं होतं. पन्हळीवरून अगदी बारीक धार सुटत होती, आवाज जवळजवळ नव्हताच. फरशी कोरडी. त्याने पिशवी खाली ठेवली, बाह्या वर सारल्या आणि तेवढ्यात तो थबकला. बाहेर कडक ऊन होतं. अशा दिवसांत पंधरवड्यात टाकी निदान चार बोटं तरी खाली जायला हवी होती.

"मावशी, पाणी तुम्ही भरता?" त्याने धाकटीला हळूच विचारलं.

"मग काय? तूच सांगितलंस ना. नळातलं क्लोरीन उडावं म्हणून तू बाथरूममध्ये बादली भरून ठेवायला सांगितलीयेस, त्यातलं घालते."

"रोज किती?"

"आधी अर्धा जग लागायचा. आता चार लागतात. चार दिवसांपासून पाचसुद्धा."

पाच जग. एवढं पाणी हवेने उडत नाही. मग ते जातंय कुठे? त्याने पुन्हा फरशी बघितली. खडखडीत कोरडी. कितीतरी दिवस रोज चार-पाच जग पाणी ह्या खोलीत येत होतं आणि कुठेच दिसत नव्हतं. वाहिलेलं पाणी दिसलं असतं तर त्याची एवढी पाचावर धारण बसली नसती.

त्याने टाकीच्या मागे हात घातला. भिंत ओली होती. टाकीखालच्या कपाटाची फळी फुगून मऊ झाली होती. हात आणखी खाली गेला आणि बोटांना कापड लागलं. जाडजूड टॉवेल, नीट चौघडी घालून भिंतीला लावून ठेवलेला, चिंब. आणि टॉवेलापासून वीतभर अंतरावर पंपाची वायर जिथे खोचली होती तो विजेचा बोर्ड, जमिनीवर. वायरवरून एकेक थेंब ओघळत बोर्डाच्या दिशेने चालला होता.

तो उठला, दारामागच्या मेन स्विचपाशी गेला आणि सगळ्या घराची वीज बंद केली. मग टॉवेल बाहेर काढला.

"हा टॉवेल मी आठ दिवस शोधतेय," धाकटी म्हणाली.

घरात एकदम शांत झालं होतं; ती बारीक धारही थांबली होती. थोरली खुर्चीतून उठली.

"बंद केलंस का रे?"

"हो मावशी. तुम्ही बसा, फरशी—"

पण ती निघाली होती. स्वयंपाकघराकडे निघाली असावी. दोन पावलं सरळ टाकली, मग थांबली, मान इकडून तिकडे वळवली, हात पुढे केले. मग ज्या बाजूला दार नव्हतं त्या बाजूला वळली आणि धाकटीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मांडी आपटली. तीस वर्षं तिथेच असलेलं टेबल. मुद्रितांचे कागद खाली सांडले.

धाकटीने धावत जाऊन तिला धरलं. तेव्हा तिला बहिणीचे तळवे दिसले. पांढरे, सुरकुतलेले, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखे.

"ताई, हे काय आहे?"

थोरलीने तळवे परत पदराखाली घेतले. मग म्हणाली, "मागून टपटप ऐकू यायला लागलं. तू मागेच म्हणाली होतीस, फरशी एकदा जरी ओली झाली तरी टाकी घराबाहेर. म्हणून टॉवेल लावला. तू उठायच्या आधी पिळून ठेवते, दुपारी तू झोपलीस की परत."

"कुठे पिळतेस?"

"बाथरूममध्ये. बादलीत."

धाकटी धसक्याकडे बघायला लागली आणि धसक्या तिच्याकडे. त्या बादलीतलं पाणी कसं संपत नाही, ह्याचं धाकटीला चार दिवस नवल वाटत होतं. एक बहीण चोरून पिळत होती, दुसरी चोरून भरत होती, आणि मधल्या मध्ये तेच पाणी घरभर फिरत होतं. दुसरी कुठली वेळ असती तर तिघं पोट धरून हसले असते.

"ओल्या हातांनी," धाकटी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "त्या वायरपाशी. तुला दिसत नाही, ताई, तिथे विजेचा बोर्ड आहे. तू गेली असतीस तर मला कळलंसुद्धा नसतं. मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू टाकी काढली असतीस."

"काढली असती," धाकटी म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "एवढं काय आहे त्या टाकीत?"

"सकाळी उठते तेव्हा तो आवाज उजव्या कानाला असला की दार समोर. डाव्या कानाला आला की खिडकी. मागे पडला की स्वयंपाकघर." थोरली हे असं सांगत होती की जणू सगळ्यांना ठाऊकच असेल. "आवाज मंद झाला ना, तेव्हापासून मला घर सापडेनासं झालं."

धाकटी खाली बसली, सांडलेल्या कागदांवरच. तीन वर्षं ती लोकांना आपल्या न हलवलेल्या सामानाचं कौतुक सांगत होती.

धसक्याला वाटलं, आत्ता गप्प बसलो तर सुटेन. टाकी तुंबते, कुणाचीही तुंबते, असं म्हटलं असतं तर दोघींनी मानलंही असतं.

"थोरल्या मावशी, आवाज मी कमी केला होता," तो म्हणाला. "डब्यात जास्तीचा स्पंज कोंबला. त्यानेच तुंबलं. मला माहीत होतं असं करू नये."

थोरलीने त्याच्या दिशेने मान वळवली. कुणी करायला सांगितलं, हे तिने विचारलं नाही. धाकटीने मात्र तोंड उघडलं. "मी सांगितलं होतं, ताई. जिन्यात गाठून."

पुढचे दोन तास धसक्या खाली मान घालून काम करत राहिला. जास्तीचा स्पंज काढून टाकला. उरलेला टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळून धुतला. नळाखाली धरला असता तर क्लोरीनने पाणी निर्मळ ठेवणारे त्यातले जंतू मेले असते आणि पाठोपाठ मासे. पंपाच्या चक्रीत शेवाळाचा धागा गुरफटला होता, तो सोडवला. डबा किंचित मागे कलला होता, त्याच्या खाली रबराचा तुकडा लावून सरळ केला. बोर्ड पुसून, वाळवून भिंतीवर छातीच्या उंचीला ठोकला आणि वायरला मुद्दाम खाली झोल दिला, म्हणजे थेंब ओघळलाच तरी झोलातून खाली पडेल, बोर्डापर्यंत चढणार नाही. प्रत्येक गोष्ट त्याने तीनदा तपासली. मग वीज सुरू केली.

धार सुटली, पण पाणी अजून रेघेच्या आसपासच होतं, त्यामुळे आवाज जेमतेम. धाकटी उठली. जग घेऊन ती टाकीपाशी आली, एक जग पाणी काढलं आणि म्हणाली, "ताई, सांग."

"अजून."

दुसरा काढला. धार थोडी उंचावरून पडायला लागली.

"अजून थोडं."

तिसऱ्या जगाला थोरली म्हणाली, "बस." आणि खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत न अडखळता चालत गेली. धाकटीने कोरड्या फडक्याने जुनी रेघ पुसली, धसक्याच्या हातातून लाल पेन्सिल घेतली आणि पाण्याच्या नव्या पातळीला स्वतः रेघ ओढली. मुद्रितांवर ओढायची तशी, सरळ आणि ठाम. मग तिने आपलं टेबल दोन्ही हातांनी ढकलत आतल्या खोलीत नेलं.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"अरे, जरा..." धाकटीचा आवाज. धसक्याच्या छातीत धस्स झालं.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही. जरा ऐक." तिने फोन टाकीजवळ धरला असावा. पाणी पडण्याचा आवाज आला, एकसारखा, मोकळा. त्यातून कुणाची तरी पावलं गेली आणि कडी वाजली.

"मागे हात फिरवला का?" त्याने विचारलं.

"रोज फिरवते. कोरडं आहे." ती टाकीपासून जरा लांब गेली असावी. मग म्हणाली, "तिच्या कपाळाला मी आठ दिवस मलम लावत होते रे. आणि लावताना वर तिलाच बोलत होते, वय झालं म्हणून."

"स्पंज मी कोंबला होता, मावशी," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "आणि आवाज मला नको होता."

दोघंही फोन धरून उभे राहिले. पलीकडे पाणी पडत होतं.