मागच्या सीटवरचा माणूस

न्हाणीघरात पाय घसरून मामंजींचा पाठीचा एक मणका दबला. तीन महिने पट्टा बांधून पडून होते. मग उठले, चालू लागले, देवळापर्यंत जाऊन येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, "आता सगळं करा, फक्त दणके टाळा." नेमकं तेच जमण्यासारखं नव्हतं, कारण त्यांना ओरत्तनाडूला जायचं होतं.

ओरत्तनाडूला त्यांची धाकटी बहीण राहते. आम्ही तिला आत्या म्हणतो. दर शुक्रवारी तिच्याकडे जेवायला जायचं, हा मामंजींचा कित्येक वर्षांचा नेम. आत्याला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, म्हणजे ती इकडे येणं शक्य नव्हतं. कारमध्ये बसलं की मामंजींना दहा मिनिटांत मळमळतं, आणि बसच्या धक्क्यांचं तर नावच नको. राहिली मोटरसायकल. ती मी चालवते. मी मूळची सांगलीची, लग्न होऊन तंजावरला आले. बियाण्यांच्या कंपनीसाठी कालव्याकाठच्या गावांतली भातशेतं बघत फिरणं हे माझं काम. नवरा नोकरीसाठी चेन्नईला असतो.

एका शुक्रवारी आम्ही निघालो. पाचेक किलोमीटर गेल्यावर मामंजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "परत चल," एवढंच म्हणाले. घरी येऊन त्यांनी आत्याला फोन केला आणि तंजावरात पाऊस आहे म्हणून सांगितलं. बाहेर रखरखीत ऊन होतं. खोटं बोलताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींचं दुकान शोधत गेले.

त्यांच्याबद्दल आमच्या खतवाल्याने सांगितलं होतं. पन्नाशीचा माणूस. चेन्नईत बरीच वर्षं शर्यतीच्या गाड्यांवर काम केलेलं, आणि तेही फक्त दणके झेलणाऱ्या भागांवर, म्हणजे शॉकअप आणि पुढच्या फोर्कवर. एका अपघातानंतर डावा गुडघा वाकायचा थांबला, तेव्हा गावी परतून पापनाशमच्या रस्त्यावर, भाताच्या जुन्या कोठारात दुकान काढलं. मी त्यांना फोनवर पाहून ठेवलेले महागडे गॅसचे शॉकअप दाखवले. म्हटलं, हे बसवून द्या.

त्यांनी फोनकडे धड पाहिलंही नाही. तमिळमध्ये विचारलं, "कोणासाठी?"

मी सांगितलं.

"मग त्यांना घेऊन या. दुखतंय त्यांना, तुम्हाला नाही."

मामंजी रिक्षातून, हळूहळू आले. मेस्त्रींनी त्यांना पाठ असलेली खुर्ची दिली आणि स्वतः समोर स्टुलावर, ताठ पाय बाजूला काढून बसले. कुठे दुखतं, कधी दुखतं, खड्ड्यात जाताना की बाहेर येताना, असं विचारत राहिले. मामंजी जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. कोणी नेमकं विचारलं की त्यांना बरं वाटतं. पण या प्रश्नाशी ते अडले. मग माझ्याकडे वळून आपल्या तंजावरी मराठीत म्हणाले, "दणका सोसवतो मज. पण त्यानंतर कोणी तरी वर फेकतें म्हणून वाटतें."

मी ते तमिळमध्ये सांगितलं. मेस्त्री उठून उभे राहिले. "इतकी वर्षं गिऱ्हाइकं येतात. 'कडक आहे', 'मऊ करा', एवढंच बोलतात. हे कोणी सांगत नाही."

त्यांनी गाडी सरळ धरायला लावली आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून सीटखालच्या पट्टीपर्यंत टेपने मोजलं. मग मला बसवून मोजलं, मग जपून मामंजींना मागे बसवून. आम्ही दोघं बसूनही गाडी बोटभर खाली गेली नव्हती. दोन माणसं बसतात म्हणून आधीच्या गॅरेजवाल्याने स्प्रिंगा शेवटच्या घरापर्यंत आवळल्या होत्या. "तुम्ही दोघं मिळून एका जाड माणसाएवढे," मेस्त्री म्हणाले. "स्प्रिंगला दबायला मिळायला हवं. आधी थोडी दबलेली असेल तरच चाक खड्ड्यात उतरेल. नाहीतर सबंध गाडी उतरते, आणि मग उसळते."

माझे महागडे शॉकअप त्यांनी बाद केले. ते जड माणसांसाठी होते. त्याऐवजी कोइम्बतूरहून आमच्या वजनाच्या स्प्रिंगा वळवून आणल्या आणि ज्यांना खाली स्क्रू असतो असे शॉकअप बसवले. तो स्क्रू आवळला की दबलेली स्प्रिंग सावकाश वर येते. फोर्कमधलं जुनं तेल काढलं, ते काकवीसारखं काळं निघालं. सगळं व्हायला दोन आठवडे लागले. मला वाटलं, झालं. ते म्हणाले, "आता मी मागे बसतो."

तो ताठ पाय बाजूला काढून बसणं काही सोपं नव्हतं. तसे ते ओरत्तनाडूच्या रस्त्यावर निम्म्या वाटेपर्यंत माझ्यामागे बसून आले. आरशात पाहिलं तर त्यांनी डोळे मिटले होते. चहाच्या टपरीशी थांबलो.

"गाडी ठीक आहे," ते म्हणाले. "आता उरलेला दणका तुमच्या हातातला आहे."

मला राग आला. शेताच्या बांधांवरून पंधरा वर्षं गाडी चालवतेय, असं मी सुनावलंसुद्धा. त्यांनी वाद घातला नाही. मला पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे ढकलायला सांगितलं. पुढची बाजू खाली बसली. "तुम्ही गतिरोधक येईपर्यंत ब्रेक धरून ठेवता. फोर्क आधीच खाली गेलेला. आणखी जायला त्याला जागा कुठे उरली? वेग अलीकडेच कमी करा, आणि चढायच्या आधी ब्रेक सोडा."

पुढचा आठवडाभर मामंजींच्या वजनाचं तांदळाचं पोतं मागे बांधून मी कामावर गेले. चौथ्या दिवशी ब्रेकवरचा हात वेळेवर आपोआप सुटू लागला. मेस्त्री रोज संध्याकाळी मला थांबवून स्क्रू एखादं घर फिरवायचे, गाडी दाबायचे, ती वर कशी येते ते मान वाकडी करून पाहायचे. इतकं लक्ष देऊन माझी विचारपूस करणारे डॉक्टरही मला फारसे भेटलेले नाहीत.

शुक्रवारी आम्ही निघालो. पहिला गतिरोधक गेला, दुसरा गेला. मग मागून आवाज आला, कुठल्या शेताची मोजणी त्यांनी केली होती, कोणाच्या बांधावरून भांडण झालं होतं, कुठला कालवा नकाशात चुकीचा दाखवलाय. ओरत्तनाडू येईपर्यंत ते बोलतच होते.

आत्या वर खिडकीत उभी होती. आम्हाला पाहून ती आत जाऊन पानं मांडू लागली. जेवताना दोघं भावंडं आंबट वरणात चिंच जास्त झाली की कमी यावरून वाद घालत बसली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मेस्त्री होते. मी कशी आहे हे न विचारता म्हणाले, "त्यांना द्या."

मामंजींनी हात धुतला, फोन घेतला आणि कचेरीत अहवाल द्यावा तसं तमिळमध्ये सांगू लागले, की रस्ता उत्तम गेला, फक्त मोठ्या पुलाच्या पलीकडे लागोपाठ तीन लहान उंचवटे आहेत, तिथे तिसऱ्याला गाडी अजून वर यायची असते. पलीकडून काही विचारलं गेलं. मामंजी विचार करून म्हणाले, "नाही, दुसऱ्याला नाही. तिसऱ्यालाच."

सोमवारी मी दुकानात गेले, तेव्हा स्प्रिंग जरा लवकर वर यावी म्हणून मेस्त्रींनी तो स्क्रू एक घर सैल केला. त्यानंतर त्यांना त्या गाडीला हात लावावा लागलेला नाही.